गोव्याच्या हवेत जुनी ईको: आधी पत्रा, मग पलंग

खाजनकाठ (११ जानेवारी)

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसतं बोलत होतो, अखेर गेल्या आठवड्यात गाडी दारात आली. २०१३ ची पाच सीटांची मारुती ईको, पेट्रोल, एकाच मालकाची, पावणेदोन लाखांना. मी आणि बायको, दोघंही नोकरी करणारे. शनिवारी दुपारी निघावं, चोर्ला घाट चढावा किंवा खाली काणकोणपर्यंत जावं, रात्री गाडीतच पाठ टेकावी आणि रविवारी संध्याकाळी परत यावं, एवढीच हौस आहे.

मोठी गाडी मुद्दाम घेतली नाही. आम्ही चोडण बेटावर राहतो. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढवायची, वाड्यावरच्या अरुंद रस्त्यात समोरून बस आली की मागे घ्यायची, हे रोजचंच. ईकोची लांबी ३,६७५ मिलिमीटर, म्हणजे बऱ्याच छोट्या मोटारींपेक्षाही कमी. आत उभं राहता येत नाही, पण मांडी घालून चहा पिता येतो. तेवढं पुरे.

शोधताना जे शिकलो ते आधी सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली पाहिली ती मडगावकडची ओम्नी. रंग नवा, सीटकव्हर नवी. आतली चटई उचलली आणि ड्रायव्हरच्या मागचा पत्रा अंगठ्याने दाबला, तर पापडासारखा मोडला. मालकाने मोकळेपणाने सांगितलं की दोन वर्षं मासळी वाहिली. मासळीच्या खोक्यांतून गळणारं खारट पाणी चटईखाली साचत राहिलं, वरून काही दिसेना. दुसरी म्हापशाची ईको, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे रेंट-अ-कॅब, भाड्याने द्यायची गाडी. इंजिन बरं होतं, किंमतही कमी. पण तिचा परवाना परत करून, कराचा फरक भरून ती खासगी नोंदणीत आणावी लागते. मालक म्हणाला, आधी पैसे द्या, कागद मागाहून करून देतो. आम्ही म्हटलं, आधी कागद. तिथेच थांबलं.

तिसरी ही. डिचोलीच्या आतल्या गावातली, समुद्रापासून लांब, कायम शेडखाली. मालक निवृत्त मास्तर. सकाळी सातला गेलो, आदल्या रात्रीपासून सुरू करू नका असं फोनवर सांगितलं होतं. थंड इंजिन पहिल्या चावीला लागलं, धूर नाही. पुढची सीट उचलून खालचं इंजिन पाहिलं, तेलाच्या झाकणाखाली पांढरा सायीसारखा थर नव्हता, म्हणजे तेलात पाणी मिसळलेलं नाही. कापडात गुंडाळलेलं चुंबक सगळ्या अंगावरून फिरवलं. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर ते चिकटेना, म्हणजे तिथे पुट्टी. टायरवर १९१७ हे आकडे, म्हणजे २०१७ च्या एकोणिसाव्या आठवड्यातले. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालंय, पाचही बदलायचे धरून किंमत बोललो.

आता घरी आणून चटया काढल्यावर दिसतंय ते असं: डाव्या सरकत्या दाराच्या खालच्या रुळाशी गंज, फूटबोर्डात दोन भोकं, छताच्या पन्हाळीत रंग फुगलेला. मी पलंगाचा नकाशा काढून बसलोय, सुताराशी बोलणं झालंय. सुरुवात कुठून करू? छताला उष्णतारोधक काय लावू? बॅटरी किती?

चिरेबंदी (११ जानेवारी)

भाऊ, सुताराला दोन महिने थांबायला सांगा. वडील टिंकर, म्हणजे गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारे होते, मी तेच करतो, सत्तावीस वर्षं झाली. गोव्यात जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. कुजलेला सांगाडा बांधायला गेलात तर गाडीच्या किमतीएवढा खर्च होतो. आणि एकदा वर प्लाय ठोकला की खाली काय चाललंय ते पाच वर्षं कळत नाही.

करायचं ते असं. आतून सगळं उतरवा, सीटा, चटया, दारांचे पॅनेल, छताचं अस्तर. गंज ग्राइंडरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. जिथे भोक पडलंय तिथला मऊ भाग पूर्ण कापून काढा आणि २० गेजच्या पत्र्याचा तुकडा सीओटू वेल्डिंगने बसवा. गॅस वेल्डिंग नको, पातळ पत्रा तापून वाकतो आणि आजूबाजूचा रंग जळून तिथे नवा गंज धरतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघा, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा.

ज्या खळग्यांत ग्राइंडर पोचत नाही तिथे फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज जागीच निष्क्रिय करणारं द्रावण. ते वाळलं की दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. मग जोडांच्या फटी बुजवणारं सीम सीलर. मग रंग. सगळ्यात शेवटी खालून अंडरबॉडी कोटिंग. हा क्रम मोडू नका. लोक स्वस्तात उरकायला गंजावरच काळं कोटिंग मारून घेतात. ते सहा महिने छान दिसतं, आत पाणी अडकतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. घेताना गाडीखाली ताजं काळं कोटिंग दिसलं तर मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघतो. खणखण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर चालता होतो.

अजून एक. फूटबोर्ड आणि दारांच्या तळाला कंपनीने पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. तुमच्या फूटबोर्डातली दोन भोकं गंजाची की ती मुळातली, आधी बघा. मुळातली असतील तर कुणालाही बुजवू देऊ नका. त्यांतून पोकळीत मेणाचा फवारा मारून घ्या, बस.

ओम्नीप्रेमी_साखळी (१२ जानेवारी)

अभिनंदन दादा. पण ओम्नी सोडली याचं वाईट वाटलं. १९८४ ला मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ पर्यंत बनत होती, कुठल्याही गावातला मिस्त्री डोळे मिटून उघडतो. ७९६ सीसीचं साधं इंजिन, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. आमची घरची अजून उभी आहे.

चिरेबंदी (१२ जानेवारी)

माझं ओम्नीवर प्रेम कमी नाही, वडिलांनी शेकडो केल्या. पण आज कॅम्परसाठी, म्हणजे आत झोपून फिरायला घ्यायची तर तिची वयं बघा. बहुतेक पंधरा वर्षांच्या पुढच्या किंवा टेकलेल्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं, आणि मोटारीची नुसती फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाली. वर तपासणीत पत्रा पास व्हायला हवा. कार्बोरेटरवाली असेल तर जुन्या रबरी नळ्या आत्ताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने लवकर फुगतात, त्या सगळ्या बदलाव्या लागतात. खाजनकाठ यांच्या ईकोची नोंदणी २०२८ पर्यंत आहे, १,१९६ सीसीचं इंजिन घाटात दम खात नाही. त्यांनी बरोबर केलं.

वाटाड्या_दोडामार्ग (१४ जानेवारी)

कागदांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मालकी बदलायला लागणारे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोन्हींवर सह्या झाल्या का? गाडीवर कर्ज होतं का? असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही. परिवहनच्या पोर्टलवर थकलेली चलनं बघा. विमा तुमच्या नावावर करायला विक्रीच्या तारखेपासून १४ दिवस असतात, ते जातील हे कळतही नाही. मास्तरांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्यांच्यासोबत जातो.

मी दोडामार्गला राहतो, गाडी गोव्याची घेतली होती, मला तर एनओसीचा फॉर्म २८ पण लागला. तुम्ही राज्यातच आहात, सुटलात.

आता मुख्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. कॅरॅव्हॅन म्हणून नोंदणी हवी तर त्याला एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, ते तुमच्या-माझ्या अंगणात पूर्ण होणारं काम नव्हे. म्हणून छत कापून उंच करणं, खिडकी पाडणं, छतात भोक पाडून पंखा बसवणं, यातलं काहीही करू नका. आतलं सगळं बोल्टवर बसणारं आणि अर्ध्या तासात बाहेर निघणारं ठेवा.

मागची सीट काढणं हाही बदलच आहे, आरसीवर आसनसंख्या पाच लिहिलेली असते. आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी अर्ज करा, उत्तर हातात आल्यावरच पाना लावा. अपघात झाला तर दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं. आणि पलंगावर कुणाला बसवून गाडी चालवू नका, दोन बेल्ट म्हणजे दोन माणसं.

खाजनकाठ (१४ जानेवारी)

वाटाड्यादादा, विम्याचे १४ दिवस मला खरंच माहीत नव्हते. सात दिवस गेलेत. उद्याच जातो. चिरेबंदीभाऊ, सुताराला थांबवलं. आज टॉर्च घेऊन बघितलं, फूटबोर्डातलं एक भोक मुळातलं आहे, दुसरं गंजाचं.

सुरंगीची_वेणी (१५ जानेवारी)

दादा, वहिनींच्या बाजूने लिहिते. मी आणि आई तीन वर्षं ईकोतून फिरतो, आई सत्तरीची आहे.

पहिला प्रश्न झोपायचं कुठे हा नसतो, शौचालय कुठे हा असतो. आम्ही जागा त्यावरूनच ठरवतो. गाडी किनाऱ्यावर नेण्याची बंदी आहे, पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडायलाही बंदी आहे, आणि ती असावीच. काचा आणि भात टाकून गेलेले किनारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. मोल्याच्या किंवा नेत्रावळीच्या अभयारण्यात रात्री गाडी लावता येत नाही. त्यामुळे आम्ही गावातल्या घरगुती राहण्याच्या जागी विचारतो: खोली नको, अंगणात गाडी लावू द्या आणि न्हाणीघर वापरू द्या, पैसे घ्या. सांगे-केपे भागात आजवर एकानेही नाही म्हटलं नाही. उलट सकाळी पेज आणि लोणचं येतं. एकदा देवळाच्या आवारात थांबलो, पण देवस्थान समितीच्या माणसाला आधी भेटून.

नोव्हेंबरनंतर मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या बाजूला गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून गाडीचा दिवा ठेवू नका. ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्लं पाण्याऐवजी दिव्याकडे जातात. आई दर वेळी स्वतः पडदे ओढते.

आणि हवा. थंडीसाठी लिहिलेले सल्ले आपल्याला लागू नाहीत, इथे रात्रीचा घाम हा प्रश्न आहे. सगळ्या काचा लावून दोघं झोपलात तर पहाटे छतावरून थेंब पडतील आणि गादीखाली बुरशी येईल. सरकत्या काचांना बाहेरून मच्छरदाणीची जाळी वेल्क्रोने लावा. पुढच्या दोन्ही दारांना रेन व्हायझर लावले की पावसातही दोन बोटं काच उघडी राहते. एक पंखा खालून हवा आत घेईल असा, दुसरा मागच्या दाराशी उंचावर, बाहेर टाकणारा. पलंगाची फळी अखंड नको, पट्ट्यांची करा, दोन पट्ट्यांत बोटभर फट. गादी खालून श्वास घेते.

बारा_व्होल्ट (१७ जानेवारी)

बॅटरी किती हा प्रश्न उलटा आहे. आधी रात्रभर काय चालणार ते लिहा.

२० वॉटचे दोन पंखे नऊ तास, म्हणजे ३६० वॉट-तास. दिवे आणि फोन मिळून ८० धरा. झाले साडेचारशेच्या आत. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-तासांची असते. दोन रात्री आरामात निघतात. साधी लेड-अ‍ॅसिड अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, आणि वजन तिप्पट. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ठेवलात तर आपल्या उकाड्यात दिवसाला अजून चारएकशे वॉट-तास. तुमच्या दीड दिवसाच्या फेरीला बर्फाची पेटी पुरेल असं मला वाटतं.

भरायची कशी? वीस अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर इंजिनच्या बॅटरीवरून. दोन तास गाडी चालवली की चाळीस अँपिअर-तास परत. इंजिनच्या आणि आतल्या बॅटरीला सरळ वायर जोडू नका. छतावरचं १०० वॉटचं सौर पॅनेल एप्रिलमध्ये छान भरतं, जुलैत जवळपास काहीच नाही. मी नसतं घेतलं.

ईकोपुरती एक गोष्ट. पुढच्या सीटांखाली इंजिन आहे, तिथे बॅटरी ठेवायचा मोह होतो कारण वायर आखूड लागते. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य खलास होईल. मागे ठेवा, चाकाच्या कमानीच्या मागे, पट्ट्याने आवळून. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. तिथून पुढे जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं. गाड्या जळतात त्या बॅटरीमुळे कमी, घासलेल्या वायरीमुळे जास्त.

गॅसबद्दलही सांगतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीशी साचतो, आणि तुम्ही जमिनीपासून फूटभर वर झोपलेले असता. शेगडी गाडीच्या बाहेर, सिलिंडर रात्री बाहेर.

खाजनकाठ (९ मार्च)

उशिरा लिहितोय, कारण खरंच फक्त पत्रा चालला होता. जवळच्या गॅरेजमध्ये महिनाभर गाडी होती. पहिल्या जागी कमानीवरची पुट्टी काढायला सांगितली तर मिस्त्री म्हणाला, चांगली आहे, राहू दे. दुसऱ्या माणसाकडे नेली. त्याने घासली तर आत तळहाताएवढा पत्राच नव्हता, वर्तमानपत्र कोंबून वरून पुट्टी ओढली होती. मास्तरांना फोन केला, त्यांना खरंच माहीत नव्हतं, कधीतरी धडक बसल्यावर कुणीतरी तसं करून दिलं होतं. त्यांनी आपणहून पाच हजार परत पाठवले. मी नको म्हणत होतो.

पत्रा, वेल्डिंग, प्रायमर, रंग आणि खालचं कोटिंग मिळून ४१,००० झाले. टायर २१,०००. छताला आतून नायट्राइल रबर लावलं, एसीच्या पाइपांवर गुंडाळतात ते काळं, दहा मिलिमीटरचं, पाणी न पिणारं. म्हापशात एसीच्या सामानाच्या दुकानात मिळालं. काचलोकर घ्यायला निघालो होतो, चिरेबंदीभाऊंनी फोनवर अडवलं: ती आपल्या दमट हवेत स्पंजासारखी भिजते आणि पत्र्याला चिकटून बसते. जमिनीला मुद्दाम काही लावलं नाही, पाणी आलंच तर वाहून जावं म्हणून.

अर्जांना उत्तर आलं, मग मागची सीट काढली. तेल लावून, कापडात गुंडाळून घरी माळ्यावर ठेवलीय.

वाटाड्या_दोडामार्ग (९ मार्च)

मास्तरांना माझा नमस्कार सांगा.

खाजनकाठ (२८ मार्च)

पलंग झाला. सुतार १८ मिलिमीटरचा प्लाय म्हणत होता. आठ बाय चारची १२ मिलिमीटरची एक शीटच वीसेक किलोच्या वर भरते, तर १८ च्या दोन शीट म्हणजे मागे कायमचा एक माणूस बसवल्यासारखं. शेवटी चौकट अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाची आणि वर १२ मिलिमीटरच्या पट्ट्या, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घेतलेला मरीन प्लाय. कापलेल्या प्रत्येक कडेला पीयू पॉलिशचे दोन हात. शिक्का नुसता असला म्हणून कडेने पाणी प्यायचं थांबत नाही, हे सुतारानेच सांगितलं. सीटच्या मूळ बोल्टच्या जागीच चौकट बसते, पत्र्याला एकही नवं भोक नाही. लांबी माझ्या उंचीला चार इंच कमी पडत होती, म्हणून पुढच्या सीटांकडे उलगडणारी फळी केली.

सुरंगीची_वेणी (२८ मार्च)

सुंदर. वहिनींना विचारा, रात्री उठून बाहेर यायला किती फळ्या सरकवाव्या लागतात?

खाजनकाठ (२९ मार्च)

विचारलं. तीन. ती म्हणाली, ताईंना कसं कळलं? आज तिच्या बाजूची फळी बिजागरीवर केली, आता एक.

खाजनकाठ (६ जुलै)

एप्रिल-मेमध्ये पाच फेऱ्या झाल्या, एकदा सांग्याकडे, दोनदा चोर्ला, एकदा काणकोण, एकदा अनमोड चढून वर. पंखे पुरले, बॅटरी पुरली, मेमध्ये मात्र रात्री दोनपर्यंत झोप नव्हती, ते कबूल.

पण आता पाऊस. तीन दिवस संततधार, काल दार उघडलं तर मागच्या उजव्या कोपऱ्यात चटईखाली पाणी. एवढं करून पाणी बघितलं आणि पोटात गोळा आला. खालून तपासलं, जोड पक्के आहेत. कुठून येत असेल?

चिरेबंदी (६ जुलै)

घाबरू नका, ओलं दिसतं तिथून पाणी येत नसतं. दिवसा पाऊस थांबला की आतून कोपऱ्याचं पॅनेल काढा. सुकवा. पिठी किंवा टाल्कम पावडर मागच्या सगळ्या आतल्या पत्र्यावर भुरभुरवा. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसू दे, दुसऱ्याने बाहेरून बागेच्या नळीने पाणी सोडायचं, जोरात नाही, पावसासारखं, आणि खालून वर जायचं. आधी दाराखाली पाच मिनिटं, मग दिव्याभोवती, मग काचेचं रबर, सगळ्यात शेवटी पन्हाळ. वरून सुरू केलंत तर सगळंच ओलं होईल आणि काही कळणार नाही. पावडरीवर ओघळ उमटतो तो वरपर्यंत बघत जा.

खाजनकाठ (७ जुलै)

सापडलं! बायको आत, मी बाहेर. दाराखाली काही नाही. टेललाइटवर नळी धरली आणि दुसऱ्या मिनिटाला आतून हाक आली. दिव्यामागचं रबर पेंटरने रंगवताना काढलं आणि उलटं बसवलं होतं, वरची कड दुमडलेली. पन्हाळ कोरडी आहे, कमान कोरडी आहे, वेल्डिंग कोरडं आहे.

नवं रबर घेतलं, डाव्या बाजूचंही बदललं. आत्ता बाहेर मुसळधार चालू आहे, गाडी दारात आहे, तासाभरापूर्वी कोपऱ्यात वर्तमानपत्राचा कागद पसरून आलोय. आत्ता बघून आलो, कागद कुरकुरीत आहे.